पवित्रा आणि प्रतिस्पर्धी: लढतीशिवाय कुंग फूचा अर्थ लागतो का?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "अरे, या व्याख्यानमालेत मारामारी कुठून आली?" मी म्हटलं, आपण इथे परंपरेबद्दल बोलतोच की. गाण्यातली घराणी, कीर्तन, नाटक, सगळ्यांबद्दल बोलतो. शिष्यानं गुरूकडून जे घेतलं ते जिवंत आहे की नुसतं पाठ केलेलं आहे, हा प्रश्न तिथेही येतो. कुंग फूमध्ये फरक इतकाच, की उत्तर चुकलं तर नाक फुटतं. त्यामुळे हा प्रश्न तपासायला ही जागा चांगली आहे.

सुरुवात एका व्हिडिओपासून करू. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. २७ एप्रिल २०१७, चीनमधलं चेंगदू शहर. एका बाजूला शु श्याओदोंग, मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे प्रशिक्षक. दुसऱ्या बाजूला वेई लेइ, स्वतःच्या नावानं ताइ ची शिकवणारे गुरू. हे वेई लेइ त्याआधी टीव्हीवर झळकले होते. तळहातावरचं कबुतर आपण उडू देत नाही, असा त्यांचा प्रयोग होता. लढत सुरू झाली. वेई लेइंनी हात पुढे करून पवित्रा घेतला, शु पुढे सरसावले आणि वीस सेकंदांच्या आत सगळं आटोपलं. वेई लेइ जमिनीवर, शु त्यांच्या अंगावर.

पुढे काय झालं? एक गट म्हणाला, बघा, कुंग फू म्हणजे नाच आहे. दुसरा गट म्हणाला, हे खरे गुरू नव्हतेच. खरे गुरू डोंगरात असतात, ते असल्या फंदात पडत नाहीत. चीनच्या अधिकृत वुशू संघटनेनं या लढतीचा निषेध केला. आणि आपल्याकडेही, जिथे कुंग फूचे वर्ग चालतात तिथे तिथे, हीच दोन वाक्यं आजतागायत ऐकू येतात.

मला ही दोन्ही वाक्यं चुकीची वाटतात, आणि का वाटतात ते आज सांगायचं आहे. थोडक्यात माझं म्हणणं असं: पारंपरिक फॉर्म ही एक लिपी आहे. ती वाचायची किल्ली मोकळ्या लढतीत आहे. लढत बंद झाली की फॉर्म खोटा ठरत नाही, पण तो वाचता येईनासा होतो. आणि न वाचता येणारी गोष्ट शिकवणारा माणूस, त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी, शिष्याची फसवणूक करून बसतो.

फॉर्म म्हणजे नेमकं काय?

ज्यांनी कराटे पाहिलंय त्यांना 'काता' माहीत असेल. चिनी भाषेत त्यालाच ताओलू म्हणतात. ठरलेल्या क्रमानं पवित्रे, ठोसे, लाथा, वळणं. एकट्यानं, समोर कोणी नसताना करायची. साध्या घराण्यात तीन-चार, मोठ्या घराण्यात डझनावारी असतात.

हे कशासाठी? तर ज्या काळात शिकणारे बहुतेक निरक्षर होते आणि व्हिडिओ नव्हता, त्या काळात डाव जपून ठेवायची ही सोय होती. शिवाय अंग तयार होतं, तोल येतो, पायात ताकद येते. हे सगळं खरंच होतं, त्यात वाद नाही.

पण आता एक बारीकसं उदाहरण घेऊ. बहुतेक फॉर्ममध्ये तुम्हाला दिसेल की एका हातानं ठोसा मारला की दुसरी मूठ मागे कमरेवर येते, तळवा वर. बॉक्सिंग शिकलेला कोणीही हे पाहून हसतो. तो म्हणतो, "अरे, दुसरा हात हनुवटीजवळ ठेव की! कमरेवर हात ठेवलास तर तुझं तोंड उघडं पडलं." आणि तो बरोबर बोलतोय. दोन माणसं मोकळ्या हातांनी समोरासमोर असतील, तर कमरेवर हात ठेवणं हा मूर्खपणा आहे.

मग शेकडो वर्षं लोक हे का करत आले? वर्गात उत्तर मिळतं, "त्यानं ठोशाला जोर येतो." काही अंशी येतोही. पण अनेक घराण्यांमध्ये याचा दुसरा अर्थ सांगतात. तो कमरेवर येणारा हात रिकामा नाही. त्यानं समोरच्याचं मनगट किंवा बाही धरलेली आहे. समोरच्याला आपल्याकडे खेचायचं आणि खेचता खेचता मारायचं. आता चित्र बदललं ना? त्याचा एक हात माझ्या ताब्यात आहे, त्याचा तोल माझ्याकडे झुकलाय, आणि तो माझ्या ठोशाच्या दिशेनंच येतोय.

हा अर्थ पुस्तकात वाचून समजतो, पण पटत नाही. कोणाची तरी बाही धरून, तो जोरात हात सोडवत असताना हे करून पाहिलं की पटतं. आणि तेव्हाच आणखी एक गोष्ट कळते: घट्ट पकड मिळाली तरच हे चालतं, नाहीतर हात मागे नेणं महागात पडतं. म्हणजे डाव कळतो आणि त्याची मर्यादाही कळते. फॉर्म एकट्यानं दहा हजार वेळा केला तरी यातलं काही कळणार नाही.

दुसरं उदाहरण माबूचं. माबू म्हणजे घोडेस्वाराचा पवित्रा; गुडघे वाकवून, मांड्या जवळजवळ आडव्या, पाठ ताठ. नवीन विद्यार्थ्याला यात मिनिटन् मिनिटं उभं करतात, मांड्या थरथरायला लागतात. लढताना कोणी असं उभं राहतं का? कधीच नाही; हलताच येणार नाही. पण कुस्तीतला एखादा फेकीचा डाव आठवा. समोरच्याच्या खाली कंबर घालायची, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची आणि उचलायचं. तो जो अर्धा सेकंद आहे, तो माबू आहे. फॉर्मनं त्या अर्ध्या सेकंदाचा जणू फोटो काढून ठेवलाय. ज्यानं कोणाला कधी उचललंच नाही, तो म्हणतो की हा लढाईचा पवित्रा आहे आणि असाच उभा राहून मार खातो.

आपल्या ओळखीची उपमा द्यायची तर भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांतली स्वरलिपीतली बंदिश आठवा. ती अचूक आहे, मोलाची आहे. पण ज्यानं तो राग कधी कोणाच्या गळ्यातून ऐकलाच नाही, त्याच्या हातात ती दिली तर तो काय गाईल? स्वर बरोबर लागतील, राग उभा राहणार नाही. दोष पुस्तकाचा नाही.

मधली पायरी, आणि तिच्यातली उणीव

आता कोणी जाणकार म्हणेल, "अहो, परंपरेत फॉर्म आणि लढत यांच्यामध्ये जोडीचे सराव आहेत की!" अगदी बरोबर. ताइ चीमध्ये तुईशौ आहे. दोघं समोरासमोर हाताला हात लावून उभे राहतात आणि एकमेकांचा तोल घालवतात. विंग चुनमध्ये ची साव आहे; चारही हात एकमेकांना चिकटलेले, सतत फिरत असतात, आणि जिथे दाब कमी झाला तिथून ठोसा आत शिरतो. हे सराव फार हुशारीनं रचलेले आहेत. डोळ्यांना दिसायच्या आधी कातडीला कळतं की समोरचा कुठे जोर लावतोय. कुस्तीगिराला हे वेगळं सांगायला नको.

पण यात एक गोष्ट गृहीत धरलीय, आणि ती नीट पाहा. दोन्ही सराव स्पर्श झाल्यानंतर सुरू होतात. खऱ्या लढतीत तो स्पर्श होईपर्यंतच निम्मं काम झालेलं असतं. समोरचा चार-पाच फुटांवर आहे. तो आत येतो, मारतो, बाहेर जातो. तुमच्या हाताला हात लावून उभं राहायला तो बांधील नाही.

मोकळ्या लढतीत तीन गोष्टी असतात ज्या फॉर्ममध्ये नसतात आणि जोडीच्या सरावात अर्ध्याच असतात. पहिली, अंतर. दुसरी, वेळ, म्हणजे तो केव्हा येणार हे माहीत नसणं. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, असहकार. समोरच्याला तुमचा डाव यशस्वी व्हायला नको आहे. वर्गातला जोडीदार हात पुढे करतो आणि तसाच ठेवतो, तुमचे तीन प्रतिटोले होईपर्यंत वाट बघतो. प्रतिस्पर्धी असं करत नाही.

मी स्वतः एका शाळेच्या हॉलमध्ये नऊ वर्षं कुंग फू शिकलो. फॉर्म चांगले होते माझे, प्रात्यक्षिकात टाळ्या पडायच्या. मग एकदा एका ओळखीच्या व्यायामशाळेत, वर्षभर बॉक्सिंग शिकलेल्या मुलाबरोबर ग्लोव्ह्ज घातले. तो माझ्यापेक्षा लहान होता, वजनानंही कमी. त्याचा पहिला जॅब आला आणि माझे डोळे मिटले. दुसरा आला, पुन्हा मिटले. नऊ वर्षांत माझ्या नाकाकडे मनापासून कोणी हात आणलाच नव्हता, हे मला त्या दिवशी समजलं. राग आला तो त्या मुलाचा नाही. आमचे सर प्रेमळ होते, फसवणारे मुळीच नव्हते. त्यांनाही तसंच शिकवलं गेलं होतं. म्हणून मला वाटलं की हे कुठे तुटलं ते शोधायला हवं.

कडी कुठे निसटली?

आपल्याला वाटतं की जुन्या काळी सगळे गुरू अजिंक्य होते आणि शंका घेणारे आजचे आहेत. इतिहास वेगळं सांगतो. सोळाव्या शतकातला मिंग राजवटीचा सेनापती छी जिग्वांग घ्या. किनाऱ्यावर लुटालूट करणाऱ्या चाच्यांशी तो लढला आणि सैन्याच्या प्रशिक्षणावर त्यानं ग्रंथ लिहिला. त्यात मुष्टियुद्धावर एक प्रकरण आहे, बत्तीस पवित्रे आहेत. पण तो स्पष्ट सांगतो की मोठ्या युद्धात याचा थेट उपयोग फारसा नाही. हातपाय चपळ करायला, नवशिक्याला तयार करायला हे आहे. आणि नुसत्या देखण्या, फुलोऱ्याच्या हालचालींवर त्यानं सडकून टीका केलीय. म्हणजे हा वाद निदान साडेचारशे वर्षं जुना आहे, आणि तो परंपरेच्या आतूनच सुरू झालाय.

पुढे १९२८ मध्ये नानजिंगला सरकारच्या पाठिंब्यानं केंद्रीय राष्ट्रीय युद्धकला संस्था स्थापन झाली. जांग जिज्यांग हे तिचे प्रमुख. त्याच वर्षी तिथे राष्ट्रीय परीक्षा झाली आणि त्या परीक्षेत नुसते फॉर्म दाखवून भागत नव्हतं, प्रत्यक्ष लढावं लागत होतं. दुखापती इतक्या झाल्या की अखेरच्या टप्प्यात लढती आवरत्या घ्याव्या लागल्या. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, हांगचौला उंच मंचावरच्या लढती झाल्या. अशा मंचाला लेइताय म्हणतात. वांग त्झछिंग नावाचा लढवय्या पहिला आला. नियम कच्चे होते, संरक्षण अपुरं होतं, पण परंपरा स्वतःची परीक्षा घेत होती.

त्याच सुमारास तांग हाओ नावाचा एक अभ्यासक कागदपत्रं तपासत होता. कुंग फू बोधिधर्मानं शाओलिनमध्ये सुरू केलं, ही कथा आपल्या लाडकी आहे, कारण बोधिधर्म भारतातून गेला असं मानतात. आपल्याकडच्या कितीतरी वर्गांच्या माहितीपत्रकात ती पहिल्याच ओळीत असते. तांग हाओनं १९३० मध्ये पुराव्यानिशी दाखवलं की या कथेला ऐतिहासिक आधार नाही. ज्या ग्रंथावर ती उभी आहे तो बोधिधर्माच्या हजारेक वर्षांनंतरचा आहे. विचार करा, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका चिनी अभ्यासकानं जे मोडीत काढलं, ते आपण अजून छापतोय.

आता १९५४. १७ जानेवारीला मकावमध्ये एक लढत झाली. वू घराण्याच्या ताइ चीचे प्रमुख वू गोंगयी, पन्नाशी ओलांडलेले. आणि पांढरा बगळा घराण्याचे चेन कफू, पस्तिशीच्या आसपासचे. मदतनिधीसाठीची लढत, हजारोंची गर्दी. तिचं चित्रण उपलब्ध आहे, जरूर बघा. दोन नामवंत गुरू हात फिरवताहेत, नाकातून रक्त येतंय, आणि फॉर्ममधलं ते सौंदर्य कुठेच दिसत नाही. दुसऱ्या फेरीतच लढत थांबवली आणि कोणालाही विजयी घोषित केलं नाही.

यातली गंमत ऐका. या लढतीनं हाँगकाँगमध्ये इतकी हवा तापली, की तीन दिवसांत तिथल्या एका वर्तमानपत्रानं ल्यांग युशेंग यांची युद्धवीरांवरची कादंबरी क्रमशः छापायला घेतली. नव्या धाटणीच्या त्या साहित्याची ती सुरुवात मानली जाते, आणि पुढे चित्रपटांनाही तिथूनच खाद्य मिळालं. म्हणजे एक ओबडधोबड, खरी लढत झाली, आणि तिच्यातून जन्माला आली ती झाडावरून उडणाऱ्या योद्ध्यांची स्वप्नं. लोकांनी जे पाहिलं ते विसरलं आणि जे वाचलं ते लक्षात ठेवलं.

त्याच काळात हाँगकाँगमध्ये दुसरंही चाललं होतं. इप मॅन यांचे तरुण शिष्य, विशेषतः वाँग शुन ल्युंग, इतर घराण्यांच्या मुलांशी इमारतींच्या गच्च्यांवर, बंद दारांआड लढत होते. ब्रूस लीच्या घडणीत या वाँगचा मोठा हात आहे. वाँग शुन ल्युंग यांनी विंग चुन सोडलं नाही. लढून आल्यावर ते पुन्हा त्याच फॉर्मकडे वळले आणि ती हालचाल तशी का आहे, याचा विचार करत राहिले. मला अभिप्रेत असलेलं वाचन हेच.

आणि चीनमध्ये? १९४९ नंतर युद्धकलेला व्यायाम आणि क्रीडाप्रकार म्हणून नवं रूप देण्यात आलं. १९५६ मध्ये चोवीस हालचालींचा सोपा ताइ ची फॉर्म तयार झाला. आज जगभरच्या बागांमध्ये लोक करतात तो हाच. स्पर्धांमध्ये फॉर्मला गुण मिळू लागले: उडी किती उंच, उतरताना तोल किती, हालचाल किती रेखीव. जेट ली यातूनच पुढे आला. तो सत्तरच्या दशकात राष्ट्रीय विजेता होता, तो फॉर्ममधला. मोकळ्या लढतींना मात्र जवळजवळ मज्जाव होता. १९७९ मध्ये सांदाचे प्रयोग सुरू झाले तेव्हा हे दार पुन्हा उघडलं. सांदा म्हणजे ठोसा, लाथ आणि फेक या तिन्हींना परवानगी असलेली लढत, आठ मीटर चौरस मंचावर.

पण तोवर दोन वेगळे संसार थाटले गेले होते. फॉर्मवाला लढत नाही, सांदावाला फॉर्म करत नाही. एकाच क्रीडासंघटनेच्या छपराखाली दोघं, आणि एकमेकांशी संबंध नाही. मधली कडी निसटली ती इथे.

'आमचे डाव फार घातक आहेत'

आता परंपरावाद्यांच्या सगळ्यात आवडत्या युक्तिवादाकडे येतो. "आमच्या डावांमध्ये डोळे फोडणं आहे, गळा दाबणं आहे. हे स्पारिंगमध्ये कसं करणार? माणूस मरेल." ऐकायला बरोबर वाटतं.

याचं उत्तर जपानमध्ये जिगोरो कानो यांनी कृतीनं दिलं. १८८२ मध्ये त्यांनी ज्युदोची शाळा काढली. जुन्या जुजुत्सूतले सर्वांत धोकादायक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले आणि ठरलेल्या क्रमाच्या 'काता'मध्ये जपून ठेवले. जे उरलं ते रोज, पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या माणसावर करायचं. त्या सरावाला ते रांदोरी म्हणत. जो साधा डाव तुम्ही हजार वेळा नको म्हणणाऱ्या माणसावर यशस्वी केलाय, तो अंगात असतो. जो महाघातक डाव तुम्ही एकदाही खऱ्या अर्थानं केलेला नाही, तो फक्त माहितीत असतो. घाबरलेल्या क्षणी माहिती कामाला येत नाही.

शिवाय डोळ्यात बोट घालायला सुद्धा हात डोळ्यापर्यंत पोचावा लागतो. ज्याला जॅब लागत नाही, त्याचं बोट कसं लागणार?

दुसरा युक्तिवाद मा बाओग्वो यांच्यामुळे प्रसिद्ध झाला. एका व्हिडिओत त्यांनी सांगितलं की आपण परंपरेप्रमाणे मूठ समोरच्याच्या नाकाशी नेऊन थांबवली होती. स्पर्शाशी थांबायचं हा संकेत त्यानं पाळला नाही. मग मे २०२० मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ते जाहीर लढतीत उतरले आणि अर्ध्या मिनिटात तीनदा खाली पडले. त्यावर चीनमध्ये हसण्याची लाट आली. मला मात्र हसू आलं नाही. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असं इतकी वर्षं वाटत राहिलं, कारण भोवतालच्या प्रत्येक शिष्यानं त्यांच्यासाठी स्वतःहून पडून दाखवलं असणार. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात. नुरा कुस्तीत निदान दोघांना ठाऊक असतं. इथे गुरूलाच ठाऊक नसतं.

दुसऱ्या बाजूचीही तपासणी

पण मग शु श्याओदोंग यांनी सिद्ध काय केलं? त्यांनी दाखवलं की न लढणारा माणूस लढणाऱ्यापुढे टिकत नाही. हे खरं आहे आणि ते सांगायला धाडस लागलं. त्यासाठी त्यांना बरंच सोसावंही लागलं. पण 'कुंग फूचे डाव निकामी आहेत' हे त्यातून सिद्ध होत नाही. हरली ती तयारी.

याला पुरावा सांदाचा. सांदातला सर्वांत ओळखीचा डाव म्हणजे आलेली लाथ पकडायची आणि माणूस आपटायचा. ही फेक चीनच्या जुन्या कुस्तीतून, शुआयज्यावमधून आलेली परंपरागत गोष्ट आहे. चीनची झांग वेइली सांदातून पुढे आली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये शेंझेनमध्ये तिनं यूएफसीचं विजेतेपद बेचाळीस सेकंदांत जिंकलं. तिच्या लढण्यात परंपरा आहे, पण ती असहकाराच्या गाळणीतून गाळून आलेली आहे.

आणि स्पारिंगवाल्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. स्पारिंगसुद्धा हळूहळू फॉर्म बनतं. जाड ग्लोव्ह्जमुळे तोंड झाकून उभं राहायची सवय लागते, उघड्या मुठींपुढे ते तितकं चालत नाही. वजनगट आहे, पंच आहेत, समोर एकच माणूस आहे, जमीन मऊ आहे. ज्या वर्गात एकाच नियमानं वर्षानुवर्षं स्पारिंग होतं, तिथेही माणसं त्या नियमांपुरतीच शहाणी होतात. म्हणून स्पारिंग हे अंतिम सत्य आहे असं मी म्हणत नाही. ते प्रश्न विचारायचं साधन आहे. प्रश्न बदलत राहावे लागतात.

आपल्या दारात

हे सगळं चीनमध्ये घडलं, आपल्याला काय त्याचं? सांगतो. आपल्याकडे तालमीत पोरगं काय करतं? जोर मारतं, बैठका काढतं, माती खणतं. हा झाला त्याचा फॉर्म. पण त्यानंतर त्याच मातीत जोडीदाराशी कुस्ती होते. रोज कोणीतरी पाठीवर पडतं, आणि वस्ताद काठावरून ओरडत असतो. म्हणून तिथे थापा फार काळ चालत नाहीत. पैलवानाची खरी ताकद किती, हे तालमीतल्या सगळ्यांना माहीत असतं. आपली मर्दानी खेळांची परंपरा मात्र बव्हंशी प्रात्यक्षिकात उरली. पट्टा फिरतो, लिंबू कापलं जातं, टाळ्या पडतात. ती जपली पाहिजे, कौतुकानं जपली पाहिजे. पण पट्ट्यापुढे आज कोणी ढाल घेऊन येत नाही, हे मान्य करूनच जपली पाहिजे.

आणि आता मला खरोखर टोचणारी गोष्ट. शाळा-कॉलेजांत मुलींसाठी दोन दिवसांची स्वसंरक्षण शिबिरं होतात. मैत्रीण मनगट पकडते, मुलगी हात पिरगाळून सोडवते, मैत्रीण हसत पकड सैल करते. टाळ्या, प्रमाणपत्र, फोटो. त्या मुलीच्या मनात काय जातं? की मला आता हे येतं. उद्या खरंच कोणी मनगट धरलं, तर ते सुटणार नाही. आणि ज्या दोन सेकंदांत ओरडून पळायला हवं होतं, ते त्या डावात जातील. इथे खोट्या आत्मविश्वासाची किंमत नाक फुटण्याएवढी स्वस्त नाही. शिबिरं बंद करा असं मी म्हणत नाही. त्याच शिबिरात पाच मिनिटं पकडणारीला सांगा, "आता सोडू नकोस." जे होईल ते मुलींना स्वतः पाहू द्या. मग पळायचं का आणि केव्हा, हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

एक चिठ्ठी आलीय, ती घेतो आणि थांबतो. "माझा मुलगा सहा वर्षं कुंग फू शिकतोय, ब्राउन बेल्ट आहे. तुमचं ऐकून आता वर्ग सोडवावा का?"

नाही, ताई किंवा दादा, जे कोणी असाल. सोडवू नका. सहा वर्षांत त्याला तोल आला असेल, शिस्त आली असेल, ते त्याचं आहे. फक्त त्याच्या सरांना दोन प्रश्न नम्रपणे विचारा. पहिला: आठवड्यातून एकदा तरी, हेल्मेट-ग्लोव्ह्ज घालून, हलक्या हातानं का होईना, पण समोरचा ऐकणार नाही अशा जोडीदाराबरोबर मुलं खेळतात का? दुसरा: सर, तुम्ही त्यांच्याशी खेळताना कधी तुम्हाला फटका बसतो का?

दुसऱ्या प्रश्नावर सर हसून म्हणाले, "बसतो की, परवाच बसला," तर मुलगा चांगल्या हातात आहे. तिथे फॉर्मही नीट शिकवला जात असेल. चिडले, तर मग वर्गाबद्दल विचार करा.

आणि मुलाला घरी विचारा, तो कमरेवरचा हात कशासाठी आहे? त्याला उत्तर देता आलं नाही तरी चालेल. तुमची बाही धरू द्या, आणि तुम्ही जोर लावून हात सोडवा. त्याला सहा वर्षांत जे कळलं नाही, त्यातलं काहीतरी त्या संध्याकाळी कळेल.